पानावरच्या नागमोडी रेषेत कोण राहतं? नागअळी डबीत वाढवून ओळखायची पद्धत, नवशिक्यांसाठी

दोन वर्षांमागं हिवाळ्यात मी नर्सरीतून पॅन्सीच्या चार कुंड्या आणल्या, गच्चीत ठेवल्या. आठवड्याभरात एका पानावर पांढरट डाग दिसला, आतून पोकळ, कागदासारखा. मोबाईलवर शोधलं तर पॅन्सी म्हणजे व्हायोलाच्या जातीचं झाड आणि व्हायोलाची पानं आतून पोखरणारी एक सॉफ्लाय (नावात फ्लाय, पण खरी माशी नव्हे) असते असं सापडलं, नाव नेफुसा अँबिग्वा. झालं, मी लगेच मित्रांच्या ग्रुपवर टाकून मोकळा, की जालन्यात नेफुसा सापडली!

ही सॉफ्लाय उत्तर अमेरिकेतली. कुठं ते, कुठं आमची गच्ची. ग्रुपवरच्या एकानं फक्त एवढंच विचारलं, "अळी बघितली का?" बघितलीच नव्हती. मग पान तोडून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवलं, चौथ्या दिवशी पिशवीत काळं पाणी आणि वास. आत कोण होतं ते मला आजही सांगता येत नाही.

त्यानंतर दोन हंगाम डब्या लावल्या, बऱ्याच वाया गेल्या, काही जमल्या. तुमचं पहिलं पान तरी सडू नये म्हणून हे लिहितोय. मी कीटकशास्त्राचा माणूस नाही, घरची थोडी मोसंबी आहे आणि बघायची हौस आहे, तेवढंच.

१. आधी हे समजून घ्या की रेष म्हणजे कीड नाही, रेष म्हणजे तिचं घर

पानाला वरून एक पातळ साल असते आणि खालून एक. मधला हिरवा गर खात खात जी अळी पुढं सरकते तिला आपल्याकडं नागअळी म्हणतात, कारण रेष नागासारखी वळत जाते. पण "नागअळी" हे एका किडीचं नाव नाही, हा धंदा आहे, आणि तो चार वेगवेगळ्या घराण्यातले किडे करतात: माश्या, पतंग, भुंगेरे आणि चौथे सॉफ्लाय.

सॉफ्लायबद्दल दोन शब्द, कारण सगळा गोंधळ तिथंच होतो. नावात फ्लाय असली तरी ती माशी नव्हे, ती मधमाशी-गांधीलमाशीच्या गोतावळ्यातली. फरक असा की तिची कंबर बारीक नसते आणि ती डंख मारत नाही. सॉ म्हणजे करवत. मादीच्या पोटाच्या टोकाला करवतीसारखी दातेरी पट्टी असते, तिनं ती पानाला चीर पाडून आत अंडं घालते. बहुतेक सॉफ्लायच्या अळ्या उघड्यावर बसून पान खातात, थोड्याच पानाच्या आत राहतात, नेफुसा ही त्यातली एक. तिच्या जवळच्या दुसऱ्या एका गटाचं नाव फेनुसा. अक्षरं तीच, फक्त अदलाबदल, नाव ठेवणाऱ्याला कंटाळा आला असावा.

२. सामान जमवा (घरातच निघतं सगळं)

- दहापट मोठं दाखवणारं भिंग. हे मात्र विकत घ्या, याशिवाय काहीच होत नाही
- श्रीखंडाचे किंवा मिठाईचे रिकामे प्लॅस्टिक डबे, झाकणासकट, चारपाच तरी
- मलमलचा तुकडा किंवा जुनी ओढणी, रबरबँड
- टिश्यू पेपर, कापूस
- इंजेक्शनच्या किंवा औषधाच्या छोट्या रिकाम्या बाटल्या, स्वच्छ धुतलेल्या
- चाळलेली माती
- वॉटरकलरचा सगळ्यात बारीक ब्रश
- पेन्सिल आणि वही. पेन्सिलच, जेल पेन नको, ओल लागली की शाई पसरते आणि मग तारीख पाच होती का सहा ते देवाला माहीत
- थोडं स्पिरिट
- मोबाईल, टॉर्चसाठी आणि फोटोसाठी

कागदपत्रं म्हणाल तर स्वतःच्या शेतातल्या, अंगणातल्या झाडाला काही लागत नाही. दुसऱ्याच्या शेतातलं पान घ्यायचं तर त्याला विचारा, आणि विचारताना हेही विचारा की काका, फवारणी कधी झाली. फवारलेल्या प्लॉटमधून पानं आणून मी दहा दिवस मेलेल्या अळ्यांची सेवा केलेली आहे. अभयारण्यातून, म्हणजे गौताळा असो का येडशी रामलिंग, वनखात्याच्या परवानगीशिवाय पान तोडायचं नाही, तिथं फोटो काढा आणि पुढं चला.

३. झाड ओळखा, किडीच्या आधी

ही पायरी सगळे गाळतात, मीही गाळली होती. पानात राहणारे बरेच किडे खाण्याच्या बाबतीत लै नखरेल असतात, एकाच झाडावर नाहीतर एकाच घराण्यातल्या झाडांवर राहतात. म्हणून झाड नक्की झालं की अर्धं काम झालं.

आपल्याकडं साधारण काय कुठं दिसतं ते सांगतो.

टोमॅटो, काकडी, दोडका, भोपळा, एरंडी, झेंडू: यावर बहुतेक वेळा लिरिओमायझा ट्रायफोलिआय. ही खरी माशी, दोनेक मिलिमीटरची, पिवळी-काळी. मूळची अमेरिकेतली, साधारण १९९० च्या सुमारास भारतात शिरली आणि आता ती कुठं नाही ते विचारा.

मोसंबी, लिंबू: फिलोक्निस्टिस सिट्रेला, हा इवलासा चंदेरी पतंग. कोवळ्या पालवीवरच येतो, त्यामुळं बहाराच्या वेळी नवी फूट निघाली की बघा, पान चांदीचा वर्ख लावल्यासारखं चमकतं आणि मग आखडतं. मोठ्या झाडाचं एवढ्यानं फारसं बिघडत नाही, पण रोपवाटिकेत आणि नव्या लागवडीत त्रास होतो, शिवाय पोखरलेल्या जागेतून खैऱ्या रोगाला आयती वाट मिळते.

भुईमूग, सोयाबीन: इथंही पतंगच, पण याची अळी लहानपणी पानाच्या आत राहते आणि मोठी झाली की बाहेर येऊन पानं एकमेकांना चिकटवून त्या घडीत बसते. त्यामुळं खाण, म्हणजे पानातली पोखरलेली जागा, रिकामी दिसली तरी शेजारची चिकटलेली पानं उघडून बघा.

मोहरी, मुळा: इथं आपला घरचा सॉफ्लाय भेटतो, त्याबद्दल पाचव्या पायरीत.

आणि व्हायोला? आपल्याकडं ती हिवाळ्यातल्या कुंडीपुरती, मार्चचं ऊन लागलं की संपली. काष्ठौषधीच्या दुकानात बनफशा म्हणून मिळतो तो याच जातीतला, पण वाळलेला. मात्र व्हायोलाच्या घराण्यातलं एक झाड पावसाळ्यात आपल्या माळावर गवतात उगवतं, रत्नपुरुष. वीतभर उंच, गुलाबी-जांभळी एकच मोठी पाकळी, बाकीच्या पाकळ्या नावाला. कधी दिसलं तर त्याची पानं उलटून बघत जा. मला अजून एकही खाण मिळालेली नाही, तुम्हाला मिळाली तर मोठ्ठी पार्टी.

४. तोडण्याआधी पान उजेडात धरा

पान झाडावर असतानाच खालून टॉर्च लावा, वरून भिंग. रिकामं घर तोडून नेण्यात अर्थ नाही, आणि नवशिके दहातली आठ पानं रिकामीच नेतात, कारण रिकाम्या खाणी जास्त ठळक दिसतात.

काय बघायचं:

रेष एका टोकाला केसाएवढी बारीक आणि दुसऱ्या टोकाला रुंद असते. बारीक टोक म्हणजे जिथं अंडं होतं, रुंद टोक म्हणजे अळी आत्ता जिथं असेल तिथं. तिथं पिवळट तांदळाच्या कणीसारखं काही हललं की घर भरलेलं आहे. टोमॅटोच्या पानात पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी अर्धा तास उठलोच नाही. अळीच्या तोंडाशी दोन काळे आकडे असतात, ती एका अंगावर पडून ते आकडे डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं असे फिरवते, अगदी अंगण झाडल्यासारखं, आणि प्रत्येक फेरीला हिरवा गर थोडा पुसला जातो. डोकं म्हणून वेगळं काही दिसतच नाही, पाय तर नाहीतच.

रुंद टोकाला साल चिरलेली दिसली, अर्धचंद्रासारखी, तर अळी निघून गेली. आणि अगदी गोल, टाचणीनं पाडल्यासारखं भोक असेल तर बहुधा आतल्या अळीला कुणीतरी खाल्लं आणि खाणारा बाहेर पडला. त्याच्याबद्दल पुढं.

विष्ठेची नक्षी पण बघून ठेवा. लिरिओमायझाच्या खाणीत काळा धागा कडेकडेनं जातो, कधी या बाजूला कधी त्या. मोसंबीच्या पतंगाची रेष बरोबर मधोमध, रस्त्यावरच्या पट्ट्यासारखी. पान पोखरणारे सॉफ्लाय सहसा रेष काढत नाहीत, फुगवटा काढतात, पसरट, आणि आत विष्ठेचे दाणे विखुरलेले. माझ्या पॅन्सीवर फुगवटा होता म्हणूनच मी फसलो, पण फुगवटे माश्या पण करतात आणि पतंग पण. नुसत्या आकारावर नाव ठेवू नका.

५. अळीचे पाय मोजा

खाणी दोन-तीन असतील तर एक उघडायला हरकत नाही. सुईनं वरची साल उचला, अळी ब्रशनं पांढऱ्या बशीत घ्या.

डोकं नाही, पाय नाहीत: माशी. डोकं आहे: पतंग, भुंगेरा किंवा सॉफ्लाय. आता पुढचं थोडं अवघड आहे, कारण पानात राहून राहून यांचे पाय आखूड होतात, कधी नुसते उंचवटे राहतात. म्हणून मी म्हणतो आधी उघड्यावरच्या सॉफ्लायवर हात बसवा, आणि त्यासाठी मोहरीसारखं दुसरं पीक नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात मोहरी किंवा मुळा दोन-चार पानांवर असताना सकाळी लवकर जा. ऊन चढलं की या अळ्या मातीत, पानाखाली लपतात, दहा वाजता जाऊन काही दिसलं नाही म्हणून परत येणाऱ्यातला मी एक. हिरवट-काळी, सुरकुतलेली अळी पानाला भोकं पाडत बसलेली असते. हिचं नाव अथालिया. बोट लावलं की गोल वेटोळं करून धपकन खाली पडते आणि मेल्याचं सोंग घेते. तिला बशीत घ्या, उलगडायची वाट बघा आणि पोटाखालचे मऊ पाय मोजा. छातीचे तीन जोड टोकदार पाय सोडून मागं आठ जोड्या भरतात. आता तुरीवरची किंवा हरभऱ्यावरची घाटेअळी आणा आणि मोजा: पाच जोड्या. पतंगाच्या अळीला हे मागचे पाय जास्तीत जास्त पाच जोड्या असतात, सॉफ्लायच्या उघड्यावरच्या अळीला सहा किंवा त्याहून जास्त. डोळे पण बघा, सॉफ्लायच्या अळीला डोक्याच्या दोन्ही बाजूला एकेकच काळा ठिपका, पतंगाच्या अळीला एकेका बाजूला बारीक ठिपक्यांचा घोळका.

हे दोन नमुने शेजारी शेजारी ठेवून एकदा मोजले की पुन्हा कधी विसरत नाही. कॉलेजच्या पुस्तकातलं चित्र बघून मला हे तीनदा कळलं आणि तीनदा विसरलं होतं.

६. डबी लावा

दोन प्रकारच्या डब्या लागतात, आणि कोणती लावायची ते आत कोण आहे यावर ठरतं. माहीत नसेल तर पहिल्या प्रकारची लावा, ती सगळ्यांना चालते.

मातीची डबी: डब्याच्या तळाला दोन बोटं माती. माती तव्यावर चांगली भाजून गार करून घ्यायची, नाहीतर त्यातल्या बारक्या किड्यांची आणि बुरशीची पैदास होते आणि तुम्ही त्यालाच आपली कीड समजता. मग पाणी शिंपडून ओलसर करा, मुठीत दाबली तर गोळा व्हावा पण पाणी निघू नये. ही माती यासाठी की पान पोखरणारे बहुतेक सॉफ्लाय मोठे झाले की पान सोडून जमिनीत उतरतात आणि तिथं कोष करतात. माती नसली की ते डब्यात फिरून फिरून मरतात.

टिश्यूची डबी: टोमॅटो, काकडीवरच्या माशीसाठी. तळाला नुसता टिश्यू पेपर. अळी पानातून बाहेर पडून टिश्यूवर येते आणि तिथं पिवळसर-तपकिरी, तिळापेक्षा लहान, ढोलाच्या आकाराचा कोष करते. पांढऱ्यावर तो चटकन दिसतो, मातीत शोधत बसावं लागत नाही.

दोन्हीत पान कसं ठेवायचं: देठासकट तोडा, जमलं तर शेंडाच घ्या, छोट्या बाटलीत पाणी, त्यात देठ, आणि बाटलीचं तोंड कापसानं गच्च. कापूस लावला नाही तर अळी त्यात जाऊन बुडते, ही माझी दुसरी चूक. मोसंबीच्या बाबतीत पान ताजं राहणं जास्तच महत्त्वाचं, कारण तो पतंग कोष पण पानावरच करतो, पानाची कड दुमडून त्या घडीत.

वरून मलमल, रबरबँड. झाकण लावायचं नाही. झाकण लावलं की घाम धरतो आणि पान सडतं, वर सांगितलं तसं.

एक डबी, एक झाड, एक चिठ्ठी. चार झाडांची पानं एका डब्यात टाकली तर बाहेर आलेली माशी कुणाची ते कोण सांगणार.

चिठ्ठीवर: तारीख, गाव, झाडाचं नाव, पानाच्या वरच्या बाजूला खाण का खालच्या, किती खाणी, जिवंत किती.

७. डबी कुठं ठेवायची

आपल्या मराठवाड्यात खरा प्रश्न हा आहे. पत्र्याच्या खोलीत एप्रिलमध्ये ठेवलेली डबी म्हणजे इडलीपात्र. मी आमच्या माठाच्या तिवईखाली ठेवतो, तिथं दिवसभर गारवा असतो आणि ऊन येत नाही. खरं तर उन्हाळ्यात या भानगडीत पडूच नका, पहिल्यांदा करताय तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी करा, भाज्या पण असतात आणि हवा पण बरी.

मुंग्या! कोष दिसला की रात्रीत उचलून नेतात. परातीत थोडं पाणी, त्यात पालथी वाटी, वाटीवर डबी. डाळी-साळी मुंग्यांपासून वाचवायला आई हेच करते, मला सुचायला तीन डब्या रिकाम्या व्हाव्या लागल्या.

दिवसातून एकदा बघा, सकाळी. तासातासाला मलमल उचलून बघायचा मोह होतो, तेवढ्यात माशी निघून जाते आणि मग घरभर तिच्यामागं.

८. वाट बघा, आणि किती बघायची ते ठरवा

टोमॅटोवरची माशी आणि मोसंबीचा पतंग, दोन्ही आपल्या हवेत अंड्यापासून उडेपर्यंत साधारण दोन ते तीन आठवडे घेतात, थंडीत जास्त. तुम्ही अळी मोठी असताना पान आणलं असेल तर आठ-पंधरा दिवसात निकाल.

सॉफ्लायची गोष्ट वेगळी. कोषात बसलेली अळी कधी कधी पुढच्या हंगामापर्यंत तशीच राहते. थंड मुलखातल्या कितीतरी जाती वर्षातून एकदाच बाहेर येतात. म्हणून मातीची डबी महिन्याभरात काही आलं नाही म्हणून फेकू नका, आठ-दहा दिवसांनी पाण्याचा हलका फवारा मारत राहा आणि चिठ्ठीवर "कोष आत आहे" असं ठळक लिहा. नाहीतर घरचे ती माती तुळशीत टाकतात. विचारू नका.

९. बाहेर काय आलं ते नीट बघा

पिवळी-काळी, दोन पंखांची, भाकरीवरच्या तिळाएवढी: लिरिओमायझा. चंदेरी पांढरा, झालरीसारखे पंख, टोकाला काळा ठिपका: मोसंबीचा पतंग. चार पंख, कंबर जाड, काळपट: थांबा, उडू देऊ नका, हा सॉफ्लाय असू शकतो.

आणि चौथी शक्यता, जी मला सगळ्यात जास्त वेळा भेटली: हिरवट-निळसर चकाकणारी, चार पंखांची, इतकी बारीक की धूळ वाटावी. ही कीड नव्हे, ही तिच्यावर जगणारी परजीवी गांधीलमाशी. अळी पानात असतानाच ही तिच्यावर अंडं घालते. एका डिसेंबरात टोमॅटोच्या एका डबीतून सात निघाल्या आणि नागअळीची माशी फक्त दोन. म्हणजे त्या प्लॉटमध्ये बंदोबस्त आधीच चालू होता. दोन-चार रेषा दिसल्या की पंप काढणारे असतात ना, त्यांची फवारणी आधी यांना लागते, अळी तर पानाच्या आत झाकलेली. मग पुढच्या खेपेला नागअळी दुप्पट. थोडा प्रादुर्भाव असेल तर ती पानं तोडा, वाटलं तर पाच टक्के निंबोळी अर्क मारा, आणि त्याच्या पलीकडचं औषध दुकानदाराला नाही तर कृषी विज्ञान केंद्रात विचारून घ्या.

१०. नमुना ठेवा आणि दाखवा

उडणारं जे काही निघालं ते डबीसकट फ्रीजरमध्ये एक रात्र, मग बारीक बाटलीत स्पिरिट, त्यात किडा आणि पेन्सिलनं लिहिलेली चिठ्ठी आतच. फ्रीजरचं घरात आधी सांगून ठेवा, आमच्याकडं "बर्फात माशा ठेवतो हा" हे मावशीपर्यंत पोचलं. ज्या पानातून निघाला ते पान वहीत दाबून वाळवा, त्यावर तोच नंबर. पान नसेल तर नुसत्या किड्यावरून जाणकार माणूस पण अडखळतो.

दाखवायला जवळचं कृषी विज्ञान केंद्र, नाहीतर परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा कीटकशास्त्र विभाग. जाताना बाटली, दाबलेलं पान आणि वही तिन्ही न्या, नुसता मोबाईलवरचा फोटो नेऊ नका. आयनॅचरलिस्टवर (झाडं-किड्यांचे फोटो टाकून ओळख विचारायचं अ‍ॅप) पण टाकता येतं, तिथं खाणीचा फोटो वरून एक, उजेडात धरून एक, अळीचा एक आणि बाहेर आलेल्या किड्याचा एक असे चार टाका. अ‍ॅप आपोआप जे नाव सुचवतं ते लगेच दाबू नका, त्याला झाड कोणतं याचं फार सोयरसुतक नसतं. खात्री नसेल तर वरची पातळी निवडा, "माशी", "पतंग" एवढंच, बाकीचं लोक सांगतात.

यंदा पॅन्सी परत आणलीय, सहा कुंड्या. डिसेंबर अर्धा झाला, अजून एकाही पानावर डाग नाही. भाजलेली माती डब्यात तयार आहे.